घरतकाकांच्या घरातलं भूत

आमच्या शेजारच्या घरात रोज दुपारी एक बाई किंचाळायची.

जेवणं उरकलेली, भांडी घासून पालथी घातलेली, पंख्याखाली नुसती पाठ टेकलेली, आणि डोळा लागणार एवढ्यात ‘आऽऽऽ’ अशी काही किंकाळी उठायची की रात्रपाळी करून आलेला माझा नवरा झोपेतच ‘आलो, आलो’ म्हणत उठून बसायचा. कुठे जाणार होता देव जाणे. किंकाळी संपली की पाठोपाठ घरतकाकांचा शांत आवाज यायचा, “थांब गो बाय, जरा थांब. चाललीस कुठं?”

आता मी शाळेत शिकवते. सकाळची शाळा, त्यामुळे कोंबड्याच्या आधी उठायचं आणि पन्नास पोरांचा गलका ऐकून घरी यायचं. दुपारची झोप ही माझी एकुलती एक चैन. तिच्यात जो कोणी पाय घालेल त्याला मी सोडत नाही, मग तो नवरा असो नाहीतर भंगारवाला. पहिल्या दिवशी मात्र मी झोप मोडली म्हणून नाही, शेजारी खून पडला म्हणून धावले. हातात जे सापडलं ते घेऊन गेले. ते लाटणं होतं.

काकांचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत बघते तर काका बनियन आणि पट्ट्यापट्ट्याच्या अर्ध्या चड्डीत, एक चष्मा नाकावर, दुसरा कपाळावर, असे कॉम्प्युटरपुढे बसलेले. पडद्यावर एक लांबलचक काळोखा बोळ आणि बोळाच्या टोकाला मोकळ्या केसांची एक बाई.

“या म्याडम, बसा,” काका म्हणाले. “लाटनं कशाला आनलंत? चपात्या आमच्या झाल्या.”

“काका, कोण ओरडलं?”

“हे काय, ही बाई.”

“काय झालंय तिला?”

काकांनी नाकावरचा चष्मा वर केला, कपाळावरचा खाली घेतला आणि पडद्याजवळ तोंड नेऊन म्हणाले, “तेच बगतोय.”

गॅलरीत यमुनाकाकू, म्हणजे काकांची बायको, आमच्याकडे पाठ करून स्टुलावर बसली होती. मांडीवर सूप, सुपात तांदूळ. एवढी किंकाळी होऊनही तिने मान वळवली नाही. “तिला कमी ऐकू येतं,” काका म्हणाले. मी लाटणं घेऊन परत आले. तो बारा-पंधरा वर्षांपूर्वीचा उन्हाळा. एक रिटायर माणूस भर दुपारी भुताचा गेम खेळतो, यात नेमकं काय चुकतंय ते मला सांगता येईना, पण काहीतरी चुकत होतं एवढं खरं.

घरतकाका मूळचे चिरनेरच्या बाजूचे. सगळी नोकरी उरणच्या बंदरात. बोटीतून कंटेनर उतरले की कागदावरचा आकडा आणि जमिनीवरचा आकडा जुळवायचा, त्याला म्हणतात टॅली. नोकरी सुटली पण टॅली सुटली नाही. जगात जे जे काही आहे ते टॅली झालं पाहिजे, हा त्यांचा धर्म. आमच्या दाराबाहेरच्या चपला बघून सांगायचे, “म्याडम, आज तुमच्याकडं पाव्हने हायत. चपला टॅली होत नाय.” भाजीवाल्याने पाच लिंबं दिली तर पिशवीतून काढून दारात परत मोजणार. गणपतीच्या आरतीत सगळे डोळे मिटून टाळ्या वाजवत असताना हे बोटांवर मोदक मोजत असायचे. एकदा जिन्यात मला थांबवून म्हणाले, “आपल्या मजल्यावर चार दारं, खालच्या मजल्यावर चार दारं. पायऱ्या पन सारख्या. मग खाली गेल्यासारखं वाटतं कशावरून?” मी म्हटलं, “काका, दूध नासेल, मला जाऊ द्या.”

पण त्या बोलण्यात तथ्य होतं हो. नवीन पनवेलमधल्या आमच्या सेक्टरातल्या इमारती म्हणजे एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं. तोच पिवळा रंग, तोच जिना, तीच ग्रिलची नक्षी. इथे राहणाऱ्या प्रत्येकाने आयुष्यात एकदा तरी चुकून दुसऱ्याच्या घरात पाय ठेवलेला आहे. माझा नवरा तर पलीकडच्या इमारतीतल्या बरोबर आमच्यासारख्या घरात शिरला, मोजे काढले, पेपर उघडला आणि “चहा टाक गं” म्हणाला. त्या बाईंनी टाकलासुद्धा! त्यांना वाटलं, ह्यांचा नाशिकचा भाऊ आला. अर्धा कप झाल्यावर दोघांच्या लक्षात आलं.

यमुनाकाकूने यावर गावाकडचा उपाय काढला होता. गावातून इथे राहायला आल्याच्या दुसऱ्याच दिवशी तिने दारापुढे तांदळाच्या पिठाचा ठसठशीत चौक काढला. “हा बगायचा नि आत यायचं. दुसऱ्याच्या बायकोकडं जायाचं नाय,” असं काकांना सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं बजावलं. काकू होतीच तशी खणखणीत. ती धवलारीण. म्हणजे आगऱ्यांच्या लग्नात मांडवापासून वरातीपर्यंत प्रत्येक विधीला धवले म्हणजे लग्नाची गाणी लागतात, ती म्हणणारी बाई. भटजी उशिरा आला तरी चालतो, धवलारीण लागतेच. हे काम बायकांचं, पुरुषाने त्यात तोंड घालायचं नाही. अर्ध्या तालुक्याची लग्नं काकूच्या गळ्यातून लागलेली, असं काका छाती फुगवून सांगायचे.

तर अशी काकू वर्षभरात अगदी गप्प झाली. जिन्यात दिसेना, बोलेना. दारापुढचा चौक रोज निघायचा पण वाकडा, सापासारखा. विचारलं की काका म्हणायचे, “गुडघे.” गुडघ्यांनी माणूस गप्प कसा होतो हे काही मला कळलं नाही.

आणि इकडे काकांचा तो गेम जोरात.

एके दिवशी मी चिडून म्हटलं, बघू तरी आहे काय ते, आणि खुर्ची ओढून बसले. गोष्ट अशी की एक घड्याळं दुरुस्त करणारा माणूस. परदेशातलं भलंमोठं घर. त्याचं डोकं हळूहळू ठिकाणावरून सुटत चाललंय. एका दारातून आत गेला की खोली, परत फिरून बाहेर आला की आधी होता तो बोळच नाही. आरशात बघावं तर तिसराच माणूस. भिंतीवरच्या घड्याळांचे काटे उलटे. आणि अधूनमधून ती मोकळ्या केसांची बाई अंगावर येते. तिने शिवलं की पडदा काळा, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. माझ्या तळव्यांना घाम फुटला.

काकांना घाम नाही, काही नाही. ते त्या घरात असे हिंडत होते जसा काही मालक गावाला गेलाय आणि किल्ली ह्यांच्याकडे ठेवलीय. उघडलेलं दार मागे वळून लावायचं. लागलेला दिवा विझवायचा, “बिल कोन भरनार?” टेबलावरून काही पडलं की उचलून ठेवायचं. पुन्हा पुन्हा तोच बोळ आला तेव्हा मोठ्याने हसले, “म्याडम, हा मानूस आपल्याच सेक्टरमध्ये ऱ्हातो!”

“काका, ती आली! पळा!” मी ओरडले. खुर्चीतून अर्धी उठले होते मी.

काका हलले नाहीत. तोंड पडद्याजवळ नेऊन बघत राहिले. बाईने शिवलं. काळोख. पुन्हा पहिल्यापासून.

“अहो, पळायचं असतं तिथे!”

“सगले पलतात,” काका म्हणाले. “पन तिच्या हातात कायतरी हाय. ते दिसतच नाय नीट.”

असं रोज. रोज मरायचं आणि रोज पहिल्यापासून. गेम संपवायचाय असंही नाही, टाकवतही नाही. ह्या माणसाला नक्की हवंय तरी काय?

सोसायटीत अर्थात बोभाटा झाला. सेक्रेटरी सावंत नियमांचं पुस्तक घेऊन आले. त्यात कुत्रा पाळण्याबद्दल होतं, गच्चीवर पापड वाळवण्याबद्दल होतं, भुताबद्दल काही नव्हतं. तरी समज द्यायला ते काकांकडे गेले. बराच वेळ बाहेर येईनात. आले तेव्हा कपाळ ओलं. “काय झालं?” सगळ्यांनी विचारलं. सावंत म्हणाले, “तळघराचं दार उघडत नाहीये. उद्या परत बघतो म्हणालेत.” झालं! तक्रार करायला गेलेला माणूस दुपारचा चहा तिथेच घ्यायला लागला.

श्रावणात काकांचा मुलगा महेश पुण्याहून आला. पुण्यात कॉम्प्युटरच्याच कंपनीत आहे. जाताना जिन्यात त्याने मला गाठलं. डोळे तांबारलेले.

“मॅडम, तुम्ही शेजारी, तुम्हाला सांगतो. आईला विसरण्याचा आजार झालाय. वर्ष झालं. वाढतच जाणार म्हणतात. आणि ती बाबांना ओळखत नाही. नुसती ओळखत नाही असं नाही, घाबरते. कोणी परका घरात घुसलाय असं वाटतं तिला. गेल्या महिन्यात तिने वरवंटा फेकून मारला. बाबा मला फोनवर सांगतात, बाथरूममध्ये पडलो.”

आमची ती खणखणीत यमुनाकाकू!

“पुण्याजवळ एक संस्था आहे,” तो म्हणाला. “चांगली माणसं आहेत. दिवाळीनंतर तिला तिथे न्यायचं मी ठरवलंय. बाबा म्हणतात, ती मला घाबरत नाही, तू उगाच बोलतोस. घाबरत नसेल तर राहू दे ना, मला काय हौस आहे? पण रोज घाबरून जगत असेल तर ते तरी बरोबर आहे का? तुमची भिंत त्यांच्या भिंतीला लागून. खरं सांगा, आई ओरडते का?”

“छे रे,” मी म्हटलं. “ओरडते ती बाबांच्या गेममधली बाई. आईचा तर आवाजसुद्धा येत नाही.”

“कसला गेम?”

“तूच नाही का दिलास?”

“मी? मी फक्त जुना कॉम्प्युटर ठेवून गेलो होतो. बाबांना माऊससुद्धा धरता येत नव्हता.”

मग बॅग उचलून तो म्हणाला, “दिवाळीला येईन तेव्हा पुन्हा विचारीन. तुम्ही सांगाल तसं करू.” आणि गेला. बसवलं की नाही मला पंचाच्या खुर्चीवर!

त्या दिवसापासून काकांवर माझं डोकं असं काही फिरलं की विचारू नका. घरात बायकोची ही अवस्था, आणि हा गृहस्थ कॉम्प्युटरमधल्या बाईच्या हातात काय आहे ते बघत बसतो! जिन्यात भेटले तर मी मान फिरवायची. काका मात्र नेहमीसारखेच, “म्याडम, आज तुमची एक चप्पल उलटी पडलीय.” पडू दे. तुम्हाला काय करायचंय?

मग तो मंगळवार आला. त्या दिवशी आमच्याकडे दुरुस्तीच्या नावाखाली दुपारभर लाइट गेली होती. पंखा बंद, घामाच्या धारा. झोप येत नव्हतीच, तरी हट्टाने डोळे मिटून पडले होते.

आणि किंकाळी आली.

तीच किंकाळी. मी सवयीने कुशीवर वळले, पुटपुटले, “घ्या, झाला ह्यांचा गेम सुरू.” आणि मग टक्क डोळे उघडले. पंखा बंद होता. लाइट नव्हती. मग कॉम्प्युटर कशावर चालतोय?

या वेळी लाटणंबिटणं काही घेतलं नाही. धावले. दार लोटलेलंच होतं. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात यमुनाकाकू भिंतीला चिकटून उभी, केस सुटलेले, डोळे विस्फारलेले, हातात उलथनं. काका उंबऱ्याच्या अलीकडे, दोन्ही हातांत भाताची वाटी धरून. पडदा मागे काळाकुट्ट.

“बाय, ह्याला भायेर काढ,” काकू मला म्हणाली. “कोन हाय हा? माझ्या घरात कोन हाय हा?”

मी तिला जवळ घेतलं. काकांच्या हातातली वाटी घेतली. मी भरवलं, तेव्हा चार घास खाल्ले. काका बाहेरच्या खोलीत गुपचूप बसून होते. ती गॅलरीत जाऊन बसल्यावर मी बाहेर आले.

“लाइट गेली ना म्याडम,” काका म्हणाले. “आता तुमची टॅली झाली.”

“काका, म्हणजे रोज…”

“कदी तिचा आवाज, कदी गेमचा. तिचा आला की मी गेमचा वाढवायचो.” नाकावरचा चष्मा काढून बनियनने पुसायला लागले. “जुन्या पनवेलला एक दुकानवाला हाय. त्याला बोललो, बाई ओरडनारा गेम दे. त्याने धा दाखवले. एकीचा आवाज बारीक, एकीचा लईच मोठा. मी सगले ऐकून ऐकून हा निवडला. ही आमच्या हिच्यासारखी ओरडते.”

मला हसू येईना, रडू येईना. हा माणूस दुकानात बसून नारळ वाजवून घ्यावा तशा किंकाळ्या पारखत होता!

“पण कशासाठी?”

“धवलारीन हाय ती, म्याडम. मांडवात गेली की नवरदेव आदी तिच्या पाया पडायचा, मग सासूच्या. तिला जिन्यात कोनी वेडी बोललेलं मला नाय चालनार. मला बोला ना. रिटायर मानूस, चड्डीवर बसून भुताचा गेम खेलतो. माझं काय जातंय?”

“म्हणजे आमच्या डोळ्यांत धूळ फेकलीत.”

“धूल नाय. पांघरून घातलं.”

काका एकदा सुरू झाले ते थांबेनात. आधी नुसता आवाजासाठी लावून ठेवलेला तो गेम. मग समोर बसून बसून त्यांना त्या घड्याळवाल्याच्या घरातलं काही काही ओळखीचं वाटायला लागलं. काकू आरशावर का थुंकते, बाथरूममधून बाहेर आली की दारातच का थबकते. “डाक्तरला मी इचारलं होतं, तिला आतून कसं दिसतं? तो बोलला, ते कोनाला सांगता येत नाय. इथं ते दिसत होतं म्याडम. मी आरशावर टॉवेल टाकला, दुसऱ्या दिवशी ती थुंकली नाय.”

“आणि ती बाई? तिच्या हातात काय आहे ते दिसलं?”

काकांनी मी समोर आणून ठेवलेल्या वाटीकडे बघितलं.

“परवा दिसलं. वाटी हाय. भूत नाय ती, म्याडम. बायको हाय त्याची. जेवान घेऊन येते, आनि तो पलतो. त्याला वाटतं मारायला आली. म्हनून मी इचार केला, आमच्या घरात भूत कोन?” एवढं बोलून त्यांनी पुसलेला चष्मा परत नाकावर चढवला. “मीच की.”

मी डोळ्यांना पदर लावला आणि विचारलं, “मग आता भुताने करायचं काय?”

“तेच तर त्या गेममधे नाय.”

“आणि महेशला मी काय सांगू?”

“जे ऐकलंत ते सांगा. टॅली क्लार्कने खोटा आकडा सांगितला तर बोट कलंडते.” मग हळूच म्हणाले, “पन दिवाली होऊ दे. तेवडं थांबा.”

मी थांबले. दुसरं हातात काय होतं? काहीबाही सुचवत राहिले. डोक्याला टोपी घाला, दाढी वाढवा, पांढरा सदरा घाला, लग्नातला फोटो दाखवा. काकांनी सगळं केलं. पांढऱ्या सदऱ्यात तर ती जास्तच घाबरली. फोटो बघून म्हणाली, “ह्यो नवरा चांगला हाय. तू कोन?”

आणि एक दिवस किंकाळीच्या वेळेला जिन्यातून भलताच आवाज आला. फाटक्या भोंग्यातून यावं तसं कोणीतरी गात होतं. दार उघडून बघते तर घरतकाका पायात चपला, हातात पिशवी, स्वतःच्याच बंद दारापुढे उभे राहून चक्क धवला म्हणताहेत! पुरुष माणूस, वर सूर असा की वरच्या मजल्यावरचं पोर रडायला लागलं. सावंत धावत वर आले, माझ्याकडे बघून कपाळाजवळ बोट फिरवलं. “गेले,” म्हणाले. मलाही तेच वाटलं. आता दोघांनाही पुण्याला न्यावं लागणार.

तेवढ्यात दारामागून काकू कडाडली.

“कोन रे तो मुडद्या? हलद लागली नाय नि वरात आनलीस? कोनी शिकवलं तुला?”

वर्षभरात तो खणखणीत आवाज मी ऐकला नव्हता. आम्ही सगळे जिथल्या तिथे उभे राहिलो.

“चुकलं बाय,” काका दाराला म्हणाले. “तुमीच सांगा बरोबर.”

आणि आतून काकूने हळदीचा धवला धरला. अख्खा. एक शब्द इकडचा तिकडे नाही. म्हणत म्हणत दार उघडलं, काकांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, “कोनाकडचा तू?”

“नवऱ्याकडचा.”

“मग भायेर काय उभा ऱ्हायलास? ये, बस. पानी घे.”

नवऱ्याकडच्या माणसाला दारातून परत पाठवलं तर मांडवाची शोभा जाते. सगळं विसरलेली काकू हे विसरली नव्हती. तिने पाणी दिलं, पाट मांडला, आणि पाहुणा एकटा जेवत नाही म्हणून स्वतःही समोर बसून जेवली. मी आणि सावंत दारात उभे. सावंतांनी कपाळाजवळचं बोट हळूच खाली घेतलं.

तेव्हापासून तोच नेम. काका खाली उतरायचे, कोपऱ्यापर्यंत जाऊन यायचे आणि दारापुढे उभे राहून नवी चूक करायचे. कधी हळदीआधी वरातीचा धवला, कधी मांडवाआधी तेलाचा. बरोबर म्हटलं तर ती आतून हुंसुद्धा करत नसे. चूक तिला सहन व्हायची नाही. शहाण्यासारखं काही सांगितलं तर पोचत नाही, मूर्खासारखं चुकलं तर पोचतं, ही काय भानगड आहे ते मला आजही उमगलेलं नाही. कॉम्प्युटर सावंतांनी मागून नेला. नंतर खालच्या मजल्यावरून दुपारच्या किंकाळ्या यायच्या, पण त्या खुद्द सावंतांच्या. माझी झोप गेली ती गेलीच.

दिवाळीत महेश आला. मोठी रिकामी बॅग घेऊन आला होता, आईचे कपडे भरायला. काकांनी त्याला दाराबाहेरच अडवलं.

“गा.”

“बाबा?”

“लग्नघर हाय. तसाच घुसनार? गा.”

“मला काय येतंय, बाबा!”

“मला तरी कुठं येतंय? लानपनी मांडीवर बसून ऐकलंस ना? जे आठवल ते म्हन. चुकलं तर बरंच.”

पुण्याच्या कंपनीतला तो पोरगा, इस्त्रीचा शर्ट, खांद्याला लॅपटॉप. जिन्यात उभा राहून दबक्या आवाजात गायला लागला. दोन ओळी आल्या, तिसरी अडली, चौथी कुठल्यातरी भलत्याच गाण्याची निघाली.

“अरे, गला दाबलाय का कोनी तुजा?” आतून काकू. “मोकल्या गल्याने म्हन!”

महेशने एकदम माझ्याकडे बघितलं. “मॅडम, आई…”

“ओरडते,” मी म्हटलं. “रोज ओरडते. खोटं कशाला सांगू? भीतीने ओरडायची, ते बाबा लपवत होते. आता चुकीचं गातात म्हणून ओरडते. ठरव तू.”

दार उघडलं. काकूने तिघांनाही आत घेतलं. मी कोण, महेश कोण, तिला काही ठाऊक नव्हतं, पण सगळे नवऱ्याकडचे होते एवढं पक्कं. महेशच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाली, “कोनाचा गो हा पोर? वालून गेलाय.” महेशने खाली मान घालून डोळे पुसले. बॅग दाराबाहेरच राहिली होती. पुण्याची गोष्ट त्या दिवशी निघाली नाही, पुढेही निघाली नाही.

तिने ताटं मांडली. काकांचं, महेशचं, माझं. मग चौथं मांडलं. त्यात करंज्या ठेवल्या, जरा बघितलं आणि एक करंजी वाढवली. पाहुणे तिघं असल्यावर काकू मागून जेवणार, म्हणजे आम्ही जेवणारे तिघं, ताटं चार. मी मनात म्हटलं, आता काका म्हणणार, टॅली होत नाय.

“नवरा कुठं हाय?” काकूने काकांना विचारलं. “कवापासून वाट बगतेय.”

“येतोय,” काका म्हणाले. “मागं हाय.”

“भुकेला असल.”

“असल.”

तिने त्या ताटावर दुसरं ताट पालथं घातलं आणि ते आपल्याजवळ, पदराखाली येईल असं सरकवून ठेवलं. काका कितीतरी वेळ त्या झाकलेल्या ताटाकडे बघत होते. मग माझ्याकडे वळून अगदी हळू म्हणाले, “बरोबर हाय म्याडम. टॅली हाय.”